पावतीची फाइल कधी शून्य केबी, कधी गायबच

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते असं: काकांच्या दूध संकलन केंद्रासाठी तू पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलास. तो उत्पादकाचं नाव, तारीख, वेळ, लिटर आणि फॅट विचारतो आणि पहिल्या तीन गोष्टी जोडून जे होईल त्या नावाची टेक्स्ट फाइल बनवतो. तुझ्या लॅपटॉपवर, म्हणजे उबुंटूवर, महिनाभर झकास चाललं. केंद्रावरच्या विंडोज मशीनवर टाकलं तर काही पावत्या नीट, काही शून्य केबीच्या, काही सापडतच नाहीत, आणि स्क्रीनवर मात्र दरवेळी 'पावती सेव्ह झाली'. आणि तू विचारतोयस की विंडोज परत टाकू का, की हार्ड डिस्कच गेलीये. (कॉलेजात आहेस म्हणालास म्हणून सरळ तू म्हणतोय, राग मानू नकोस.)

विंडोजला हात लावू नकोस. डिस्क गेली असती तर ती माणसं निवडून फाइली बिघडवत बसली नसती. इथे मला एक नाही, निदान तीन वेगवेगळे दोष दिसतायत आणि तिघांचं वरून दिसणारं लक्षण जवळजवळ सारखं आहे, म्हणून तू गोंधळलायस. मी मोबाईलवर मराठी कीबोर्डने लिहितोय त्यामुळे कोड तोंडी सांगतो, स्पेलिंग तुझं तू लाव.

पण सगळ्यात आधी तुझ्या कोडमधली ती एक ओळ. फाइल लिहायचा सगळा भाग तू ट्रायमध्ये (म्हणजे 'करून बघ') टाकलायस आणि खाली एक्सेप्ट ('चूक आली तर'), पुढे नुसतं पास ('सोडून दे'). का टाकलंस ते कळतं, ऑपरेटरला लाल अक्षरं दिसली की तो घाबरून फोन करतो. पण त्या पासचा अर्थ असा की काहीही झालं तरी गप्प बस. आणि 'सेव्ह झाली'वाला प्रिंट ट्रायच्या बाहेर असल्यामुळे फाइल बनो न बनो तो येणारच. म्हणजे गेले तीन आठवडे प्रोग्रामला दर वेळी नेमकं काय दुखतंय ते माहीत होतं आणि तू त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावली होतीस. ते पास काढ, एक्सेप्टमध्ये एरर आहे तसा छाप, शिवाय लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, फाइलमध्ये पण लिही. पुढचं अर्धं काम तिथेच होईल.

आता एकेक.

सापडतच नाहीत त्या पावत्या. ऑपरेटर तारीख कशी टाकतो? आपल्याकडे नव्वद टक्के लोक 5/7/2024 असंच लिहितात, शाळेपासून तशीच सवय आहे. तू टेस्ट करताना स्वतः डॅश टाकत होतास, बरोबर ना? तू प्रोग्रामर, तुला माहीत होतं. विंडोजवर फोल्डर वेगळे करायला उलटा स्लॅश वापरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सरळ स्लॅशसुद्धा त्याच कामाला चालतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून प्रोग्राम 'रमेश 5' नावाचं फोल्डर शोधतो, त्याच्या आत '7' नावाचं, आणि ते नसल्यामुळे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून थांबतो. मजा बघ, तू नवीन फाइल बनवायला सांगतोयस आणि तो म्हणतो अशी फाइल नाही. नवीन पोरं इथे हमखास चक्रावतात. तो फाइलबद्दल बोलतच नसतो, मधल्या फोल्डरबद्दल बोलतो. हे उबुंटूवर पण झालं असतं, फक्त तू कधी स्लॅश टाकला नाहीस.

मी स्वतः हा मार एका पतसंस्थेच्या कामात खाल्लाय, पंधराएक वर्षांपूर्वी. सभासदाच्या पत्त्यावरून पत्राच्या फाइलचं नाव करत होतो आणि नेमकी खेड्यातल्या सभासदांचीच पत्रं निघेनात, शहरातल्यांची धडाधड निघायची. दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, खेड्यातला पत्ता क्लार्क इंग्रजीत 'ए/पी' असा सुरू करतो, ॲट पोस्टचा. झालं, स्लॅश आला.

आता शून्य केबीवाल्या. इथे जरा सावकाश वाच, कारण शून्य केबीच्या फाइली दोन जातीच्या आहेत आणि त्यातल्या एका जातीत तुझा डेटा शाबूत आहे.

एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूमधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक कर आणि त्या शून्य केबीवाल्यांची पूर्ण नावं बघ. काहींचं नाव शेवटपर्यंत पूर्ण असेल, डॉट टीएक्सटीसकट. काहींचं मध्येच तुटलेलं असेल, म्हणजे 'रमेश 5-7-2024 6' आणि पुढे काहीच नाही, एक्स्टेन्शन पण नाही.

तुटलेल्या नावाची आधी बघू. तिथे ऑपरेटरने वेळ 6:30 अशी टाकली असणार. विंडोजची एनटीएफएस म्हणून जी फाइल सिस्टिम आहे तिच्यात एका फाइलच्या पोटात दुसरे लपलेले कप्पे ठेवता येतात, त्यांना अल्टरनेट डेटा स्ट्रीम म्हणतात. १९९३ साली विंडोज एनटी आलं तेव्हा मॅकिंटॉशच्या फाइलींना दोन भाग असायचे, ते विंडोजच्या सर्व्हरवर ठेवता यावेत म्हणून ही सोय केली होती. आणि मुख्य फाइल आणि कप्पा यांच्या नावांमध्ये जे चिन्ह येतं ते म्हणजे कोलन. आता कळलं? तू सांगितलंस 'रमेश 5-7-2024 6:30.टीएक्सटी' अशी फाइल उघड. विंडोजने समजून घेतलं की 'रमेश 5-7-2024 6' नावाची फाइल आणि तिच्यात '30.टीएक्सटी' नावाचा कप्पा. त्याने दोन्ही बनवलं, तुझी पावती त्या कप्प्यात नीट लिहिली आणि कसलाही एरर दिला नाही. एक्सप्लोरर फक्त मुख्य भागाचा आकार दाखवतो, तो रिकामा, म्हणून शून्य केबी. एरर येत नाही म्हणून हा सगळ्यात वाईट प्रकार, चिकटपट्टी काढून पण हा सापडला नसता.

त्यातल्या त्यात नशीब म्हण की ऑपरेटरने सेकंद टाकले नाहीत. 6:30:15 असे दोन कोलन आले की दुसऱ्याच्या पुढचा तुकडा विंडोज कप्प्याचा प्रकार म्हणून वाचतो, तसा प्रकार नसतो, आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतो, एरर नंबर २२. मग काहीच बनत नाही.

उबुंटूवर हे का झालं नाही? तिथे कोलन हे नावातलं साधं अक्षर आहे. लिनक्सला नावात फक्त स्लॅश आणि शून्य किमतीचा बाइट (नल) चालत नाही, बाकी काहीही घाल. विंडोजला मात्र कोलन, दोन्ही स्लॅश, चांदणी, प्रश्नचिन्ह, डबल कोट, लहान-मोठ्याची दोन्ही चिन्हं आणि उभी रेघ, एवढी सगळी नको असतात. शिवाय डॉसच्या जमान्यापासून राखून ठेवलेली नावं आहेत, कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१ ते कॉम९, एलपीटी१ ते एलपीटी९. तुझ्या केंद्रावर कुणी 'कॉन' आडनावाचा यायची शक्यता कमी आहे म्हणा.

आता दुसरी जात, नाव पूर्ण पण आत शून्य. इथे ऑपरेटरने नाव मराठीत टाकलंय किंवा वेळेच्या जागी 6:30 ऐवजी 'सकाळ' लिहिलंय. फाइलच्या नावात मराठी विंडोजला बिनधास्त चालतं, म्हणून नाव बरोबर आलं. पण फाइलच्या आत लिहिताना तू ओपनला (फाइल उघडणाऱ्या फंक्शनला) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या तक्त्याप्रमाणे साठवायची ते, सांगितलेलं नाहीस. न सांगितलं तर पायथन सिस्टिमचं डिफॉल्ट घेतो. उबुंटूवर ते यूटीएफ-८, त्यात देवनागरी बसते. इंग्रजी विंडोजवर ते बहुतेक वेळा सीपी-१२५२, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचा जुना तक्ता, त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. मग 'चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड' असा एरर येतो, जो तू गिळलास.

मग शून्य केबीची फाइल तरी कशी राहिली? कारण 'डब्ल्यू', म्हणजे लिहायच्या, मोडमध्ये फाइल उघडली त्याच क्षणी ती बनते, आणि आधी असेल तर त्याच क्षणी पुसली जाते. लिहिणं नंतरची गोष्ट. तू सगळा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या एकाच माळेत, जोडून एकदाच राइट करतोस, ते फसलं, रिकामी फाइल उरली. ओळी वेगवेगळ्या लिहिल्या असत्यास तर मराठी ओळीच्या आधीचा भाग तरी मिळाला असता. उपाय सोपा, ओपनमध्ये एन्कोडिंग बरोबर यूटीएफ-८ असं लिही, प्रत्येक ओपनमध्ये, वाचतानाच्या सुद्धा. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट करायचं ठरलंय, पण केंद्रावरचं जुनं मशीन बघता त्याची वाट बघू नकोस. आणि ही यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडायची असेल तर यूटीएफ-८-सिग (सुरुवातीला ओळखीची खूण टाकणारं यूटीएफ-८) वापर, नाहीतर डबल क्लिक केल्यावर एक्सेल मराठीच्या जागी टोपीवाल्या 'ए'ची रांग दाखवतं आणि सगळे म्हणतात फाइल बिघडली.

एक सांगायचं राहिलं, काळ्या खिडकीत मराठी टाईप करताना चौकोन दिसतात म्हणालास, त्याची काळजी करू नकोस. ते फक्त तिथल्या फॉन्टचं दुखणं आहे. पायथन ३.६ पासून विंडोजच्या त्या खिडकीतून युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांचा एकच तक्ता) नीट आत येतं, दिसायला चौकोन असले तरी आत अक्षरं बरोबर असतात.

म्हणजे आतापर्यंत: स्लॅश असेल तर फाइलच नाही, कोलन असेल तर तुटक्या नावाची रिकामी फाइल आणि डेटा पोटात, मराठी असेल तर पूर्ण नावाची रिकामी फाइल आणि डेटा गेला. सगळं इंग्रजीत आणि डॅश टाकून लिहिलं की पावती नीट. काकांच्या वहीशी ताडून बघ, नीट निघालेल्या पावत्या एखाद्याच ऑपरेटरच्या पाळीतल्या निघाल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही.

याशिवाय काही फाइली बनल्यात पण तुला दिसत नाहीत असंही असू शकतं, हे मात्र परिस्थितीवर आहे. तू फाइलचं नुसतं नाव देतोस, फोल्डर देत नाहीस, त्यामुळे ती 'चालू फोल्डर'मध्ये बनते, आणि चालू फोल्डर कुठलं ते प्रोग्राम कसा सुरू केला त्यावर ठरतं. फाइलवर डबल क्लिक केलं तर साधारण तिचंच फोल्डर, शॉर्टकटवरून केलं तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्ट इन'ला जे असेल ते, टास्क शेड्युलरने चालवलं तर बऱ्याचदा थेट विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये. पायथनच्या पाथलिबमधला पाथ घे, त्याला डबल अंडरस्कोर फाइल (चालू प्रोग्रामच्या फाइलचा पत्ता) दे, त्याचा पेरेंट, म्हणजे ती ज्यात आहे ते फोल्डर, काढ आणि त्याच्या आत 'पावत्या' फोल्डर ठरवून टाक. आणि सेव्ह झाल्यावर नुसतं 'सेव्ह झाली' न छापता फाइलचा पूर्ण पत्ता आणि बाइटमधला आकार छाप. त्या एका ओळीने मला आजवर जेवढे फोन वाचवलेत तेवढे दुसऱ्या कशाने नाही.

आता खरं म्हणजे मला हे सांगायचंय की वरचे दोष एकेक करून बुजवत बसू नकोस. स्लॅश आला तर डॅश कर, कोलन आला तर टिंब कर, असं केलंस तरी आठवड्याने नवीन काहीतरी येईल. माणूस जे टाईप करतो ते फाइलच्या आत जाऊ दे, फाइलचं नाव प्रोग्रामने ठरवावं.

हे एवढं ठासून का म्हणतोय ते मराठीच्याच उदाहरणाने सांगतो. 'कऱ्हाडे' हे नाव घे. त्यातला तो अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो. एक नुक्त्याचा 'ऱ' घेऊन पुढे हलंत, दुसरा साधा 'र', हलंत आणि मग एक न दिसणारं जोडणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर. दिसायला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. सकाळच्या ऑपरेटरचा कीबोर्ड एक आणि संध्याकाळच्याचा दुसरा असेल तर एकाच शेतकऱ्याच्या दोन वेगळ्या फाइली, एक्सप्लोररमध्ये डोळे फाडून बघितलंस तरी फरक दिसणार नाही. कडेच्या स्पेस काढणाऱ्या स्ट्रिपने ते अदृश्य अक्षर निघत नाही कारण ती स्पेस नाही, आणि अक्षरं एका ठरावीक रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने पण निघत नाही. बघायचं असेल तर आलेलं इनपुट 'रेप्र' या फंक्शनमधून छाप, तिथे ते २००डी म्हणून उघडं पडतं, मागे राहिलेल्या स्पेस पण दिसतात.

आकड्यांचंही तसंच. पायथनचं इंट (पूर्णांक करणारं) आणि फ्लोट (दशांश करणारं) मराठी आकडे खुशाल घेतं, '४.२' टाकलं तरी फॅट बरोबर चार पॉइंट दोन येतं, मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी टाळीच वाजवली होती. पण तोच मराठी आकडा तू फाइलच्या नावात स्ट्रिंग म्हणून जोडलास की मराठी ५ आणि इंग्रजी 5 या दोन वेगळ्या फाइली. म्हणून आधी आकड्यात बदल, मग तो आकडा वापर.

आणि तुझ्या पद्धतीत अजून एक भोक आहे जे तुला अजून दिसलेलंच नाही. ज्याच्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही आहे तो एकाच सत्राला दोन किटल्या आणतो. नाव तेच, तारीख तीच, वेळ 'सकाळ' तीच. 'डब्ल्यू' मोडने म्हशीची पावती गायीच्या पावतीवर बसली आणि गायीची पुसली गेली, कुणाला पत्ताही नाही. एकाच नावाचे दोन सभासद असले तरी हेच. 'डब्ल्यू'च्या जागी 'एक्स' मोड वापर, फाइल आधीच असेल तर तो नकार देतो, गुपचूप पुसत नाही.

मी असलो तर काय करेन? नाव विचारणारच नाही. प्रत्येक उत्पादकाला सभासद नंबर असतोच, तो विचारेन, यादीतून नाव काढून स्क्रीनवर दाखवेन आणि ऑपरेटरला 'हो' म्हणायला लावेन. तारीख कॉम्प्युटरची. पण त्या मशीनच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल एकदा बघून घे, जुन्या मशीनमध्ये तो मेलेला असतो आणि लाइट गेली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, म्हणून आजची तारीख शेवटच्या नोंदीच्या मागची असेल तर प्रोग्रामने थांबून विचारावं. सत्र सकाळ का संध्याकाळ ते १ किंवा २ दाबून. दूध गायीचं का म्हशीचं, तेही तसंच. फाइलचं नाव मग आधी वर्ष, महिना, दिवस, मग सत्र, मग सभासद नंबर, मग अनुक्रमांक: २०२४०७०५_१_०४७_१ असं काहीतरी (मी मराठीत लिहिलं, तू आकडे इंग्रजीच ठेव). वर्ष आधी घेतलं की फोल्डरमध्ये आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

लिटर आणि फॅट तेवढे टाईप करायचे उरले. ते लूपमध्ये विचार, फ्लोट होत नसेल तर परत विचार, 'चूक' एवढंच न म्हणता 'आकडा टाका, उदा. ३.८' असं सांग. काही लोक पॉइंटच्या जागी स्वल्पविराम दाबतात, तो तू बदलून घे, त्यावरून माणसाला छळू नये. आणि मर्यादा लाव. गायीचं दूध साधारण साडेतीन फॅटच्या आसपास, म्हशीचं सहाच्या पुढे. पॉइंट राहिला की ३.५ चे ३५ होतात आणि फ्लोटला त्यात काही गैर वाटत नाही, पण काकांना बिल काढताना वाटेल. दोनच्या खाली किंवा बाराच्या वर गेलं तर 'नक्की?' विचारायचं. नेमके आकडे काकांना विचारून ठेव, तुमच्या भागातली जनावरं त्यांना माहीत.

आणि शक्य असेल तर दर पावतीला एक फाइल हे सोडच. दीडशे उत्पादक, दिवसाला दोन सत्रं, म्हणजे रोज तीनशे, वर्षाला एक लाख नऊ हजार पाचशे फाइली. महिन्याभरात फोल्डर उघडायला वेळ लागायला लागेल. पायथनबरोबर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस फुकट येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, एका फाइलमध्ये सगळं बसतं आणि मध्येच लाइट गेली तरी अर्धवट नोंद राहत नाही. पावती छापायची तेव्हा त्यातून काढ. तू म्हणशील डेटाबेस शिकलो नाही, तर एका रविवारचं काम आहे, वरचं सगळं निस्तरण्यापेक्षा नक्कीच कमी.

पण हे सगळं नंतर. आधी अडकलेला डेटा बाहेर काढ, दहा दिवसांचं दूधबिल काढायचं असेल. ते फोल्डर पेनड्राइव्हवर अजिबात कॉपी करू नकोस, पेनड्राइव्हवर बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असते (दुधाच्या फॅटशी संबंध नाही), तिथे ते लपलेले कप्पे टिकत नाहीत, तुझ्याकडे खरोखरच शून्य केबी उरेल. मेल किंवा व्हॉट्सॲपने पाठवूनही तेच. आणि जुना प्रोग्राम तोवर बंद ठेव, तेच नाव परत आलं तर कप्पा पुसला जाईल. त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघड आणि डीआयआर, मग स्पेस, मग स्लॅश आर असं दे. तुटक्या नावांच्या खाली कोलन लावलेली पूर्ण नावं दिसतील, काहींच्या खाली दोन-तीन पण असतील, कारण 6:30 आणि 6:40 दोन्ही त्याच '6'वाल्या फाइलच्या पोटात गेलेत. ती पूर्ण नावं घेऊन पायथनमध्येच ओपन कर, वाचायच्या मोडमध्ये, मजकूर येईल, तो नीट नावाच्या नवीन फाइलमध्ये लिहून ठेव.

पूर्ण नाव पण शून्य केबी असलेल्यांमधून काही निघणार नाही. फाइलच्या नावावरून माणूस, तारीख, वेळ कळेल, लिटर आणि फॅट वहीतून घ्यावे लागतील. स्लॅशवाल्यांचं तर नावही कुठे नाही, त्यासाठी वही आणि फाइली समोरासमोर ठेवून टिक करत बसावं लागेल. काका अजून वही लिहितायत ना? प्रोग्राम आला म्हणून बंद केली असेल तर आज संध्याकाळच्या सत्रापासून परत सुरू करायला सांग. डीआयआरमध्ये किती निघाल्या ते कळव.